लवंगीमावशीचा ताणा

"दुखण्याला बसायला पाट देऊ नये, मुक्काम ठोकतं."

हे लवंगीमावशीचं वाक्य. कुणाची कंबर धरो, कुणाची दाढ ठणको, कुणाला कणकण वाटो, तिच्याकडे औषध हे एकच. आणि ते ती हातमागावरून न उठता, आडवा धागा नेणारा धोटा न थांबवता द्यायची. वाक्य संपलं की फणीची चौकट अशी छातीकडे ओढायची की ठोक सगळ्या शेडला ऐकू जाई. ज्याचं दुखत असेल तो गुपचूप आपल्या पायाखालच्या पावड्या दाबायला लागे.

लवंगी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव कुणी हाक मारायला वापरलंच नाही, त्यामुळे ते शेवटपर्यंत नव्याचं नवं राहिलं. उंची जेमतेम, अंगाने काडी, पण जीभ अशी की मिरचीने तोंड लपवावं. म्हणून लवंगी. आणि वयाने बहुतेकांना मोठी, म्हणून मावशी.

आमची शेड लांबट होती, वर पत्रा, दोन्ही बाजूंना हातमागांच्या रांगा. रस्त्याच्या बाजूला खिडक्या होत्या. सकाळी त्यांतून ऊन आत येई तेव्हा त्या उन्हात कापसाचे कण तरंगत असत, आणि खळीचा आंबूस वास नाकात बसलेला असे. आता तिथे सिमेंटची पोती ठेवतात. मी कधी त्या बाजूने गेलो की अजून पाय हळू पडतात. खिडक्या त्याच आहेत, पण आवाज नाही. त्या काळी डोळे मिटून दारात उभं राहिलं तरी कळायचं, आज कोण आलंय आणि कोण नाही. प्रत्येकाची ठोक वेगळी. कुणाची घाईची, कुणाची आळशी, कुणाची रुसल्यासारखी. लवंगीमावशीची ठोक म्हणजे दारावर वाजवलेली थाप. आत कुणी असो-नसो, उघडावंच लागेल अशी.

माझा माग तिच्या बरोबर पाठीमागे. वर्षानुवर्षं मी तिची पाठ बघत विणलं. तिचा चेहरा मला जेवढा आठवतो त्याहून तिची पाठ जास्त आठवते. ती मला "मागच्या" म्हणायची. माझं खरं नावही असंच नवं राहिलं.

तिचा माग तिच्या सासूचा. सासू ताडमाड बाई होती आणि माग तिच्या मापाने बांधलेला. मरताना तिने सुनेला दागिना दिला नाही, माग दिला. आता विणकराच्या पुढ्यात एक लाकडी रूळ असतो, विणून झालेलं कापड त्याच्यावर गुंडाळत जातं. आम्हा सगळ्यांच्या तो पोटाशी येई. मावशीची बैठक उंच करावी तर तिचे पाय पावड्यांना पोचत नसत. खाली करावी तर रूळ छातीशी येई. तिने पाय पोचवले आणि छातीचं जे व्हायचं ते होऊ दिलं. लोक म्हणत, सुतार बोलावून माग कापून घे. ती म्हणे, "सासूला आयुष्यभर नाही वाकवू शकले, आता तिच्या मागाला काय वाकवू?"

रूळ रोज एकाच जागी लागतो, म्हणून तिथे घट्टा येतो. नवीन माणसाची ती जागा आधी लाल होते, मग ठणकते, रात्री कुशीवर वळू देत नाही. मग हळूहळू कडक होते आणि दुखायची थांबते. त्या दिवशी जुनी माणसं पाठीवर थाप मारत, "घट्टा पिकला, आता विणकर झालास." दुखतोय तोवर कच्चा, दुखायचा थांबला की पक्का. आमच्या शेडमध्ये हे लहान पोराला ठाऊक होतं. इथेच आम्ही सगळे चुकलो. ही चूक दुसरीकडे कुठे कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

एका हिवाळ्यात मावशीने रुळाला फडकं गुंडाळलं. मग फडक्याखाली कापूस घातला. मग आणखी कापूस. तिची ठोक मऊ झाली, थाप होती तिचं 'धप' झालं. मी मागून म्हणालो, "मावशी, रुळाला गादी? आता उशी तेवढी राहिली."

"तू तुझ्या चादरीकडे बघ रे मागच्या. परवा तिच्यातून मांजर आरपार गेलं म्हणतात."

शेडभर हशा झाला. हसून झाल्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवा घट्टा धरलाय. या वयात! डाव्या अंगाला, चांगला शेंगदाण्याएवढा. दुखत मात्र नाही."

"मग पिकलेला आहे," पलीकडच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. विषय संपला.

तिची सून मात्र हसली नाही. ती कोपऱ्यात चरख्यावर बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायची. पावाच्या भट्टीवाल्याची मुलगी. घरात माग नाही, सूत नाही, लग्न होऊन आली तेव्हा तिला उभा ताणा कुठला आणि आडवा बाणा कुठला हेही माहीत नव्हतं. मावशीने एकदा तिला मागावर बसवलं आणि हातभर कापड विणल्यावर उठवलं. "हिला माग नको, भट्टी द्या. हिच्या हातचं कापड फुगतं." तेव्हापासून ती चरख्यावर. पोरगी गरीब दिसायची, पण गरीब नव्हती. ऐकून घ्यायची आणि ठेवून द्यायची.

मावशीचा डावा हात वर जाईना तेव्हा सून तिला न्हाऊ घालू लागली. तिने पाहिलं ते तिने पुढे आम्हाला सांगितलं. गादीला टाका घातला की कापड आत ओढलं जाऊन खाच पडते ना, तशी खाच त्या जागी पडली होती.

"आई, हे घट्ट्यासारखं नाही दिसत."

"तू किती घट्टे पाहिलेस गं? पावाला येतो का घट्टा?"

तरी सुनेने तगादा लावला. शेवटी मावशी तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आली. आल्यावर तिने तो किस्सा हातवारे करून सांगितला. "डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या पोराच्या वयाचा! मिसरूड नुकतं फुटलेलं. त्याला काय दाखवू मी? म्हटलं, खांदा दुखतो. त्याने मलम दिलं. मी म्हटलं, पोरा, देव तुझं भलं करो."

"आणि मलम?" मी विचारलं.

"ह्यांच्या गुडघ्याला लावलं. बरं वाटलं म्हणे."

'हे' म्हणजे पंक्चरकाका, तिचा नवरा. रस्त्याच्या वळणावर झाडाखाली त्याचं सायकलचं दुकान होतं. एक पंप, पाण्याचं घमेलं, काळवंडलेले हात. शांत माणूस. बायको बोलायची दोघांच्या वाटचं, हा ऐकायचा दोघांच्या वाटचं. घरात ती गोष्ट कुणी उघड बोलायचं नाही. सुनेने सासऱ्यासमोर छाती हा शब्द कसा काढायचा? मावशी "अंगावर जरा उठलंय" म्हणायची, काका "बरं" म्हणायचा, आणि दिवस जायचे. शेंगदाण्याचं आवळ्याएवढं झालं.

शेडमध्ये पोरांना लस द्यायला नर्सबाई येत. त्या नव्याच बदलून आल्या होत्या. वय लहान, चालणं घाईचं, बोलणं त्याहून घाईचं. एकदा त्या आल्या असताना सुनेने चरखा सोडला, नर्सबाईंचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या आईंना जरा सुताच्या खोलीत न्या. नाही म्हणाल्या तरी न्या."

दोघी आत गेल्या. माग चालू होते, पण कुणाचं लक्ष कापडाकडे नव्हतं. थोड्या वेळाने मावशी हसत बाहेर आली. नर्सबाई हसत नव्हत्या.

"मावशी, मोठ्या हॉस्पिटलात जायचं. उद्या."

"उद्या ताणा चढवायचाय."

"मग परवा."

"अहो बाई, दुखत नाहीये मला!"

"म्हणूनच म्हणतेय जा. दुखलं असतं तर तुम्ही कधीच गेला असता."

मोठं हॉस्पिटल म्हणजे बसने अर्धा दिवस. पहिल्या खेपेला मशीन बंद. दुसऱ्या खेपेला मशीन चालू, पण ते चालवणारा माणूस रजेवर. तिसऱ्या खेपेला सुई टोचून तुकडा काढला, तो तपासायला दुसऱ्या शहरात जायचा, तिकडून उत्तर यायचं. उत्तर आलं नाही. वाटेत कुठे हरवलं कुणाला माहीत. परत सुई, परत वाट पाहणं. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी जायची आणि काकाच्या दुकानाला फळी लागायची. येऊन मावशी सांगायची, "माझा तुकडा माझ्यापेक्षा जास्त फिरला. मी अजून समुद्र बघितला नाही, त्याने बघितला असेल."

उत्तर आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. त्या आजाराचं नाव आमच्याकडे मोठ्याने घेत नसत. काकाने ते ऐकलं आणि दुकानात येऊन दिवसभर एकच ट्यूब कानशीने घासत बसला. घासून घासून ट्यूब पातळ झाली तरी थांबेना.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं. आधी सलाईनमधून औषध, म्हणजे गाठ लहान होईल. मग ऑपरेशन. मग लागलं तर किरण. मावशी औषधाला जाऊ लागली. केस गेले. डोक्याला रुमाल बांधून आली तेव्हा सगळे वळून बघू लागले, तर हीच म्हणाली, "काय बघताय? आधी सांगितलं असतं तर गळलेल्या केसांचा गुंडा करून ठेवला असता. दोन टॉवेल निघाले असते." मग बायका हसल्या, आणि हसता हसता एकीने तोंड फिरवून डोळे पुसले.

आणि गाठ विरघळली. खरोखर विरघळली. सुनेने बोटांनी दाबून पाहिलं, शोधावी लागत होती. शेडमध्ये आनंद झाला. मुकादमाने चहा मागवला. मुकादम म्हणजे शेडचा कारभार बघणारा, तोंडाचा कडू, पण त्या दिवशी साखर जास्त घाला म्हणाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "गाठ लहान झाली म्हणजे गेली नाही. आता काढून टाकायची हीच वेळ." आणि ऑपरेशनची तारीख दिली होती. त्यातलं 'लहान झाली' एवढंच मावशीच्या कानात राहिलं.

त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली. पोरांच्या वसतिगृहासाठी चादरी, पांढऱ्या, निळ्या काठाच्या. एवढा लांब ताणा आमच्या शेडने कधी पाहिला नव्हता. मुकादम विचारात पडला, कुणाच्या मागावर घालावा. मावशी उठून उभी राहिली. "माझ्या."

आता ताणा म्हणजे काय ते सांगायला हवं. मागावर उभे ताणलेले हजारो धागे, एकेक फणीतून ओवलेला. आमच्यात रीत होती, ताणा ज्याने चढवला त्यानेच विणायचा आणि त्यानेच कापायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. ही नुसती हौस नव्हती. हात बदलला की ठोक बदलते, ठोक बदलली की कापडावर आडवी रेघ उमटते, आणि असलं कापड बाजूला काढलं जातं. एकीने बाळंतपण उरकून, तान्हं पोर सुताच्या टोपलीत निजवून राहिलेला ताणा पुरा केला होता. ताणा संपला की मागावर टांगलेली कात्री विणकराने स्वतः घ्यायची, कापायचं. त्या वेळी सगळे माग क्षणभर थांबत. मग पुन्हा खटक-फटक सुरू.

म्हणजे ताणा चढवला की तो संपेपर्यंत मावशी बांधलेली. आणि ऑपरेशनची तारीख तर पुढ्यात. तिने तारखेपेक्षा ताणा मोठा मानला असं मी म्हणणार नाही. तिला वाटलं दोन्ही जमेल. मग तारीख आली आणि गेली.

नर्सबाई धावत आल्या, त्या थेट वळणावरच्या दुकानात. मी तिथे सायकलला हवा भरत होतो.

"काका, तुम्ही तरी सांगा त्यांना!"

काका हातातली ट्यूब घमेल्यात बुडवत म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण आमच्या धंद्याचं सांगतो. पंक्चर बुजलंय, हवा धरलीय, बुडबुडा येत नाही. मग चांगली ट्यूब कापायची कशाला? आणि लोक म्हणतात, चाकू लागला की ते पसरतं."

नर्सबाईंनी त्या ट्यूबकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, पंक्चर बुजवून झाल्यावर तुम्ही टायरच्या आतून बोट का फिरवता?"

"काटा राहिला असला तर काढायला. तो राहिला तर दोन दिवसांत परत—"

काकाचं वाक्य तिथेच थांबलं. हात घमेल्यात तसाच. मग त्याने हात पुसले, दुकानाला फळी लावली आणि भर दुपारी घरी गेला.

पण त्याचं बोलणं मावशीपुढे कुठे टिकायला? दुसऱ्या दिवशी शेडमध्ये दोघांची जुंपली. जुंपली म्हणजे ती बोलली. "ताणा अर्धा झालाय. उरकला की जाते. मी काय पळून चाललेय?"

"अगं, पण ते थांबेल का?"

"मी आयुष्यभर थांबलेय सगळ्यांसाठी. ते थोडं थांबेल माझ्यासाठी."

काका निघून गेल्यावर ती बराच वेळ धोटा हातात धरून बसली. मग मागे न वळता म्हणाली, "मागच्या, ऐकतोयस?"

"ऐकतोय."

"ते म्हणतात, काखेतलंही काढावं लागेल. मग हा हात पूर्वीसारखा चालेलच असं नाही. चौकट ओढता आली नाही तर?" मग म्हणाली, "माग नसेल तर मला लवंगी कोण म्हणेल रे? नुसती म्हातारी म्हणतील."

मी काहीतरी बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही. तिच्या पाठीवरचा रुमालाचा शेव हलत होता तेवढं आठवतं. तेव्हा मला कळलं की ती ताण्यासाठी अडली नव्हती. हा शेवटचा ताणा असेल, या भीतीने अडली होती.

त्यानंतर एका सकाळी न्हाऊ घालताना सुनेच्या बोटाला परत ते लागलं. शोधावं लागलं नाही. तिने हात कोरडे केले. शेडमध्ये आली, चरख्यावर बसली, कांड्या भरू लागली. चहाच्या वेळी सगळे अंगणात गेले. माझा एक धागा तुटला होता, तो जोडायला मी मागे राहिलो होतो.

सून उठली. सासूच्या मागाशी आली. टांगलेली कात्री काढली. एकदा दाराकडे पाहिलं. मग ताण्यात कात्री घातली आणि या काठापासून त्या काठापर्यंत कापत गेली.

ताणलेले धागे कापले जातात तो आवाज मी पुष्कळदा ऐकलाय, पण तो नेहमी शेवटाचा असतो. हा मधला होता. धागे सुटून मागे झेपावले, फणी सैल झाली, धागे उचलून धरणाऱ्या वया खाली आल्या. सगळा माग अंग टाकल्यासारखा झाला.

मावशी पदराला हात पुसत आत आली आणि दारातच थांबली.

"काय केलंस?"

"ताणा संपला, आई."

"अर्धा होता तो!"

"कापला की संपतो. तुम्हीच सांगितलंय." पोरीच्या हातात कात्री घट्ट होती. "आता उठा मागावरून. हवं तर मला मारा, पण बसमध्ये बसल्यावर मारा."

मावशी पुढे आली. मला वाटलं, आता हात उचलते. तिने लोंबणारे धागे मुठीत धरले, सोडले, परत धरले. माणसं आत येऊ लागली होती. एकेकजण उंबऱ्यावरच थांबत होता. मुकादम गर्दी सारत आला आणि त्याचा चेहरा काळवंडला.

"कुणी केलं हे? कुणाचा हात लागला ताण्याला?"

सुनेने तोंड उघडलं. त्याआधी मावशीने तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"माझा. माग माझा, ताणा मी चढवला, मीच कापला. काही म्हणायचंय?"

मुकादमाला सगळं दिसत होतं. कात्री कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली हेही दिसलं होतं. पण रीतच ती. चढवणाऱ्याने कापला म्हटल्यावर विचारायचं काय?

"मग उरलेलं कोण विणणार?" तो एवढंच म्हणाला.

"धागे सांधून ही विणेल."

"ही? मावशी, अहो हिच्या हातचं कापड—"

"फुगतं. मला माहितीय. फुगू दे. वसतिगृहातली पोरं आहेत, थंडीत ऊब लागते त्यांना."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मावशी सुनेशेजारी बसून होती. तुटलेला एकेक धागा खळीत भिजवायचा, दुसऱ्याच्या टोकाशी पिळायचा, बोटाने चपटा करायचा. मध्येमध्ये शिव्या, पण हळू आवाजात. सून चुकली की मावशी तिचं बोट धरून परत करून दाखवायची. डाव्या हाताने जमत नव्हतं, उजव्यानेच.

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑपरेशन झालं. उशीर झाला होता, त्यामुळे बरंच काढावं लागलं. किरणांसाठी आणखी दूरच्या शहरात जाऊन राहावं लागलं, तिथे काकाने हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर लोकांच्या सायकली नीट करून दिवस काढले. मावशी परत आली. डावा हात सुजलेलाच राहिला, चौकट ओढण्याचा तिच्यात जोर उरला नाही. मग ती सुनेच्या चरख्यावर बसली, कांड्या भरत, आणि तिथूनच सगळ्यांच्या चादरींना नावं ठेवत. नातवाला शाळेत जाताना तिने पाहिलं. म्हातारी कुणी म्हटलं नाही, लवंगीच म्हणत राहिले. शेडमध्ये कुणाला नवा घट्टा आला की ती कापूस शोधू देत नसे. तिथून उठवून, दंडाला धरून नर्सबाईंकडे नेई. दुखतोय का, हे ती विचारतच नसे. पण मागावर ती पुन्हा कधी बसली नाही. तिला ते त्या सकाळीच माहीत होतं असं मला वाटतं.

ती सकाळ, म्हणजे ती ऑपरेशनला निघाली ती. उजाडलं होतं, खिडक्यांतून ऊन यायला अजून वेळ होता. काका कापडी पिशवी खांद्याला लावून बाहेर उभा होता. मावशी आत आली. आम्ही माग चालू केले नव्हते. ती आपल्या मागाशी गेली, रुळावरचं फडकं सोडलं, त्यातला कापूस काढला, आणि रूळ उघडा केला. सून बैठकीवर बसलेली, पुढ्यात अर्धे सांधलेले धागे. तिचे पाय पावड्यांना आरामात पोचत होते. रूळ तिच्या पोटाशी येत होता.

"धागे ओले करून सांध," मावशी म्हणाली. "कोरडे सुटतात."

"हो, आई."

"आणि जोरात ओढ. माग लाकडाचा आहे, पावाचा नाही."

मग ती निघाली. सून बैठकीवरून उठून दारापर्यंत आली, बोटांना खळ तशीच. बायका खिडक्यांशी जमल्या. मुकादम अंगणात जाऊन उभा राहिला, हात पाठीमागे. मी माझ्या मागापाशीच होतो, तिथल्या खिडकीतून रस्ता दिसायचा. काका दोन पावलं पुढे चालत होता आणि दर थोड्या वेळाने थांबून तिला गाठू देत होता. ती बुटक्या पावलांनी, डावा हात अंगाशी धरून चालली होती. वळणावर सायकलच्या दुकानाची फळी बंद होती. तिथे ती थांबली नाही, मागेही पाहिलं नाही. बस दिसत नव्हती, नुसता आवाज येत होता. मावशीने चाल वाढवली. सून दारात उभी होती, ती दोघं वळणाआड जाईपर्यंत आणि नंतरही.